आईचा पंप आणि अमेरिकेचा कायदा

आईच्या छातीत घरघर कधी सुरू झाली ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. माझ्या आठवणीत ती कायम खोकतेच आहे. जत तालुक्यातलं आमचं गाव कर्नाटकाच्या अंगाला. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचं आणि मृगाच्या तोंडावर परतायचं, यात तिची उमर गेली. जिथं मेंढरांचा वाडा पडेल तिथं तीन दगड मांडायचे, मिळेल ते ओलंसुकं जळण पेटवायचं आणि धुरात तोंड घालून भाकरी थापायची. वडील गेले, मेंढरं धाकट्या भावाकडं गेली आणि आई गावात बसली. गॅस आला तरी भाकरी ती चुलीवरच करायची. गॅसवरच्या भाकरीला चव नाही म्हणायची.

मी गलाईवाला. जुनंपानं, मोडकं सोनं वितळवून त्यातलं खरं सोनं वेगळं काढायचं, हा आमचा धंदा. पोरवयात मामाबरोबर दक्षिणेतल्या एका शहरात गेलो, तिथं हयात काढली आणि आता विट्यात येऊन राहिलोय. गावाकडं पंधरवड्याला एक चक्कर होते. या धंद्यात एक खोड लागते. कुणी कितीही हसून काही पुढं केलं तरी माणूस आधी मनात म्हणतो, यात किती भेसळ असेल?

म्हणून आईनं जेव्हा सांगितलं की, सांगलीकडनं दवाखान्याची माणसं येत्यात, फुंकायचं यंत्र आणत्यात, छातीत औषध ओढायचा पंप देत्यात आणि पैसा घेत न्हाईत, तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली.

"फुकट का देत्यात?" मी विचारलं.

"आभ्यास हाय म्हनं," आई म्हणाली. "चुलीच्या धुरानं बायकांची छाती भरती, त्याच्यावर औषध शोधायलेत."

"आणि पैसा कुणाचा?"

"अमेरिकेचा."

पुढच्या खेपेला मी मुद्दाम त्यांच्या येण्याच्या दिवशी गेलो. एक जीप आली. तिच्यातून एक बाई उतरल्या. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. वय तिशीच्या आसपास, बोलणं इस्लामपूरकडचं, हातात पेटी. आईला त्यांनी यंत्रात फुंकायला लावलं. आईनं दम धरून फुंकलं आणि तोंड पुसत मला म्हणाली, "माझा वारा नेऊन ही काय करनार, काय कळंना."

सिस्टर हसल्या. मी हसलो नाही. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, पंपात काय आहे.

त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, "दादा, आभ्यासातल्या निम्म्या बायकांना नवीन औषध आहे आणि निम्म्यांना बिनऔषधाचा, तसाच दिसणारा पंप आहे. कुणाला कुठला, ते आईंना माहीत नाही, मला माहीत नाही, आमच्या डॉक्टरांनापण माहीत नाही. धाप लागली तर ओढायचा निळा पंप सगळ्यांना सारखाच दिलाय, त्यात औषध आहेच. हे सगळं सांगूनच आईंचा अंगठा घेतलाय."

"मग माहीत कुणाला आहे?"

"कॉम्प्युटरला. नंबरावर असतं. ती यादी अमेरिकेत आहे."

मी आईकडं बघितलं. तिनं मान हलवली. तिला हे माहीत होतं. मलाच तिनं सांगितलं नव्हतं.

आमच्या घराच्या पाठीला पाठ लावून चाचीचं घर. चाचीचे मालक बांगड्या विकायचे, बाजार फिरायचे. ते गेल्यावर बसल्या जागी बायकांच्या हातात बांगड्या भरायचं काम चाचीनं चालू ठेवलं. आई मेंढरांमागं गेली की आमच्या घराची किल्ली चाचीकडं असायची. आई तिला भाभी म्हणते, ती आईला अक्का म्हणते. धूर तिच्याही छातीत होता. दोघींनी एकाच दिवशी अंगठे दिले होते.

त्या दिवशी सिस्टर गेल्यावर मी आईच्या औषधाच्या पाकिटातली एक कॅप्सूल काढली. पंपात ती घालून फोडायची आणि आतली पूड श्वासाबरोबर ओढायची, अशी रीत होती. मी ती तळहातावर उघडली. पांढरी पूड. चिमटीत धरून जिभेला लावली. गोड लागली.

"आये, साखर हाय ही," मी म्हणालो. "तुला रिकामा पंप दिलाय."

आईच्या चेहऱ्यावर राग आला, आणि तो सिस्टरवर होता की माझ्यावर, ते मला समजलं नाही. नंतर ती एवढंच म्हणाली, "मला तर बरं वाटतंय बाबा. भाभीलाबी वाटतंय."

आणि खरंच तिला बरं वाटत होतं. पाण्याचा टँकर आला की आधी ती घागर घेऊन पायरीवर बसून राहायची, आता चालत जाऊन रांगेत उभी राहायला लागली. साखरेनं माणूस चालायला लागतो का, हा विचार मला विट्याला परत जाताना एसटीत छळत राहिला. पण संशय एकदा बसला की तो स्वतःसाठी कारणं शोधतो. मी मनाशी म्हणालो, बरं वाटतंय ते कुणीतरी येऊन विचारपूस करतंय म्हणून.

वर्षभर असं चाललं. मग एकदा आईचा फोन आला. आई सहसा स्वतः फोन लावत नाही.

"ते बंद करायलेत," ती म्हणाली.

"काय?"

"आभ्यास. पंप माघारी मागायलेत."

मी दुसऱ्या दिवशी गावाला गेलो. देवळापुढच्या पारावर आधीच चर्चा पेटली होती. एक निवृत्त फौजी सांगत होता, "एक्सपेरिमेंट झाला, काम खतम, निघाले. आपल्या बायकांचं रक्त नेलं, वारा नेला, आता औषध तिकडं इकणार." ऐकणारे माना हलवत होते. मी त्यांच्यात बसलो नाही, पण मनात म्हणालो, गडी चुकीचं बोलत नाही.

सिस्टर दुपारी आल्या. या खेपेला जीप नव्हती, एसटीनं आल्या होत्या. ओसरीवर आई, चाची, चाचीची सून आणि मी बसलो. सिस्टरनी पाणी घेतलं आणि सांगायला सुरुवात केली. अमेरिकेच्या सरकारकडून या अभ्यासाला पैसा येत होता. आता तिकडं परदेशातल्या संशोधनाला पैसा द्यायचा की नाही, कसा द्यायचा, त्याचं विधेयक त्यांच्या संसदेपुढं आहे. ते मंजूर होईल, बदलेल की पडेल, सांगता येत नाही. तोवर पैसा अडवून ठेवलाय. म्हणून अभ्यास थांबवायचा हुकूम आलाय.

"कवा व्हनार कायदा?" आईनं विचारलं.

"माहीत नाही, आजी. पडून आहे."

"त्या कायद्यात आमचं नाव हाय?"

"नाव कसं असेल?"

"मग आमचा पंप का काढायलाय?"

सिस्टरनी पंप ठेवायची पिशवी पुढं ओढली. त्यांचाच पगार पुढच्या महिन्यापासून बंद होणार होता, हे त्यांनी फार नंतर सांगितलं. त्या दिवशी मला वाटलं, ही काहीतरी लपवतेय. मी सरळ विचारलं, "मॅडम, कायद्याचं निमित्त करून तुम्ही निघालाय, असं लोक म्हणतात. खरं काय?"

"दादा, मला जेवढं सांगितलं तेवढं मी तुम्हाला सांगितलं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. मला तोही बनाव वाटला.

मग पंप गोळा करायची वेळ आली. आईनं कपड्यात गुंडाळलेलं पाकीट आणून दिलं, चाचीनं तिचं दिलं. सिस्टरनी पाकिटावरचे नंबर बघितले, पुन्हा बघितले आणि आईकडं वळल्या.

"आजी, हा तुमचा नंबर नाही. हा चाचींचा आहे. आणि चाचींकडं तुमचा आहे."

चाची पदराशी चाळा करायला लागली. आईनं मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आमी बदलत हुतो."

"म्हणजे?"

"बाजाराच्या बाजारी बदलायचो. तुमी म्हनलासा न्हाई का, एकात औषध हाय, एकात न्हाई. मग एकीनंच का ओढावं? एक आठवडा तिचा मी, माझा ती."

"कधीपासून?"

"पयल्यापास्नं."

सिस्टर खालीच बसल्या. "आवं आजी, मग तुमच्या दोघींची फुंकण्याची सगळी मापं वाया गेली की!" मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच संशय दिसला, आणि तो माझ्यावर होता. त्यांना वाटलं, ही शक्कल माझी. मी शपथेवर सांगितलं की मला काही माहीत नव्हतं. त्यांचा विश्वास बसला की नाही, देव जाणे. इतके दिवस मी त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघत होतो, ती नजर आपल्यावर आली की कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"एकमेकींचा पंप तोंडाला लावायचा नसतो," त्या शेवटी म्हणाल्या.

"पुसून घ्यायचो की," चाची म्हणाली.

निळे पंप त्यांनी ठेवू दिले. बाकीचं घेऊन त्या एसटीनं गेल्या.

थंडी पडली. जतकडची थंडी कोरडी असते, पहाटे घशाला काटे फुटतात. आईचं खोकणं परत वाढलं. मी तिला विट्याला घेऊन आलो, एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी बाजारात मिळणारा पंप चालू केला. चाचीला मात्र कुणी कुठं नेलं नाही. तिचा मुलगा ट्रकवर चालक म्हणून परराज्यात असतो. घरात सून आणि ती. निळा पंप संपला तरी ती ओढत राहिली, त्यातून काही येत नाही हे तिला कळलंच नाही. एका सकाळी सुनेनं चहा नेला तेव्हा चाचीला बोलता येत नव्हतं, ओठ काळेनिळे पडले होते. गावातल्या एकाच्या गाडीत घालून तिला मिरजेला नेलं. आईला गावाकडनं फोन आला आणि आम्ही दोघं विट्याहून थेट मिरजेला गेलो.

चाचीच्या तोंडाला ऑक्सिजन लावला होता. सून दारात उभी होती. आईला बघताच ती म्हणाली, "हितं कशाला आलायसा?"

आई थबकली.

"तुमच्या पंपानं झालं हे," सून म्हणाली. "दुसऱ्याचं औषध वर्सभर ओढायला लावलंसा. काय हुतं त्यात कुणाला ठाऊक. सासूला अक्का अक्का करायची सवय, तुमी म्हनाल ते करायची."

"आगं, मी एकटीनं न्हाई ठरवलं," आई म्हणाली.

"तुमी तर असंच म्हननार."

मला राग आला होता, पण सुनेच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो. आई भिंतीला टेकून खाली बसली. इतक्या वर्षांच्या शेजारात असं कुणी तिला बोललं नव्हतं. आजूबाजूची माणसं बघायला लागली. एक धनगराची म्हातारी, एक मुसलमानाची सून. कुणाच्या मनात काय चाललंय, ते मला दिसत होतं.

वॉर्डातल्या डॉक्टरांनी विचारलं, पेशंट आधी काय घेत होती. मी सगळं सांगितलं, बदलण्याचंही. ते चमकले. म्हणाले, "अभ्यासातल्या पंपात काय होतं ते कळलं तर बरं. असं विचारायची सोय असते. तुमच्या त्या सिस्टरना फोन लावा."

मला वाटलं, उचलणारच नाही. तिचा त्या कामाशी आता संबंध काय? पण पहिल्याच रिंगला उचलला. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोन्ही नंबर लागतील. मी विचारते." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती स्वतः मिरजेला आली. आता ती एका खासगी दवाखान्यात रात्रपाळीला होती, तिथून झोप न घेता आली होती. तिनं अभ्यासाच्या जुन्या डॉक्टरांच्या मागं लागून अमेरिकेतून उत्तर मागवलं होतं.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. सून उभीच राहिली.

"चाचींच्या नावावरच्या पंपात औषध नव्हतं," सिस्टर म्हणाली. "आजींच्या पंपात होतं."

मी विचारलं, "पण ती पूड तर गोड होती. मी चाखून बघितली."

"दोन्हींत दुधाची साखर असते, दादा. औषध असतं ते कणभर. चवीनं कळत नाही."

म्हणजे माझी परीक्षा चुकली होती. मी ज्याला साखर म्हणालो, ते औषधही असू शकत होतं; त्या आठवड्यात आईकडं कुणाचं पाकीट होतं, कुणाला ठाऊक.

सून पुढं आली. "आमच्या सासूलाच रिकामा का दिला? आमी मुसलमान म्हनून?"

सिस्टरचा चेहरा उतरला. "तसं नाही हो. सोडत असते. कॉम्प्युटर काढतो. कुणाचा नंबर कुठं जाईल, कुणाच्या हातात नसतं."

"भिशीतबी सोडत असती," सून म्हणाली. "पर भिशीत चिठ्ठी समद्यांच्या म्होरं उघडत्यात. तुमची चिठ्ठी अमेरिकेत उघडती. आमी कसा इस्वास ठेवायचा?"

सिस्टर तिच्याकडं वळली. "मी तुमच्या जागी असते तर मीपण विचारलं असतं," ती म्हणाली. "माझ्याकडं दाखवायला काही नाही. मी फक्त सांगू शकते."

हे ऐकून पहिल्यांदाच मला वाटलं की ही बाई खरं बोलतेय. पुरावा कुठलाच नव्हता. पण खोटं बोलणारा माणूस हातात काही नाही असं सहसा कबूल करत नाही, हे माझ्या धंद्यानं मला शिकवलंय.

आई उठली आणि डॉक्टरांना गाठायला गेली. मी मागं गेलो. तिनं विचारलं, "सायेब, माझं औषध निम्मं तिनं घेतलं, त्यानं तिला बरं झालं का वंगाळ?"

डॉक्टर म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही. वाईट काही झालं नसावं. आत्ता त्रास झाला तो औषध तुटल्यामुळं, थंडीमुळं आणि मूळ दुखण्यामुळं. निळा पंप संपलेला कळला नाही, तेही एक."

"म्हंजी बदललं ते पाप न्हवं?"

"पाप नाही. पण परत करू नका."

आई दारात आली आणि सुनेला डॉक्टर जे बोलले ते सांगितलं, एक शब्द वाढवला नाही. सून ऐकत राहिली. माफी वगैरे तिनं मागितली नाही. थोड्या वेळानं तिनं डबा उघडला, भाकरीचा एक तुकडा मोडून आईपुढं धरला आणि म्हणाली, "सकाळपास्नं काय खाल्लं न्हाई तुमी." आईनं तो घेतला.

चाची आठवड्याच्या आत घरी आली आणि आईही विट्याहून गावाला परतली. आता दोघींनाही बाजारातला पंप आहे. चाचीचा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून येतो, येतो तेव्हा. संपला की नाही ते बघायला सून तो हातात घेऊन मागचा, उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा वाचते आणि आईचाही वाचून दाखवते. दोघींच्या ओसऱ्यांतली ये-जा परत सुरू झालीय, पण पूर्वीसारखी नाही. सून दारात असली की आई आधी विचारते, आत येऊ का.

अमेरिकेतल्या त्या विधेयकाचं काय झालं, ते मी मोबाइलवर अधूनमधून शोधतो. कधी ते एका सभागृहात असतं, कधी दुसऱ्यात, कधी नुसती चर्चा. मला त्यातलं फारसं समजत नाही. इतक्या लांबच्या माणसांच्या हात वर करण्यावर आमच्या गावातल्या दोन म्हाताऱ्यांचा श्वास अवलंबून असावा, हे अजून मनाला पटत नाही. फौजी अजून पारावर म्हणतो की कायदाबियदा सब बहाणा. मी त्याच्याशी वाद घालत नाही, आणि त्याच्यावर विश्वासही ठेवत नाही.

गेल्या महिन्यात दुसरीच एक गाडी गावात आली. एक तरुण डॉक्टर आणि दोन माणसं. धुरानं होणाऱ्या दुखण्याचीच पाहणी करायची होती. मी गावात होतो. ते आईच्या ओसरीवर बसले, चाचीलाही बोलावलं. तरुण डॉक्टरनं सगळं नीट समजावलं, धोके सांगितले, फायदे सांगितले, मधेच सोडायचा अधिकार तुम्हाला आहे हेही सांगितलं. मग म्हणाला, "आजी, काही विचारायचं आहे?"

"आमाला सोडायचा आधिकार हाय म्हनलासा," आई म्हणाली. "तुमाला सोडायचा आधिकार कुनाकडं हाय?"

डॉक्टरला प्रश्न नीट कळला नाही. मी समजावून सांगितला: तुम्ही मधेच आम्हाला सोडून जायचं, हे कुणी ठरवायचं? त्यानं सोबतच्या माणसांकडं बघितलं आणि म्हणाला, "वरिष्ठांना विचारून सांगतो."

"इचारा," आई म्हणाली. "मग या. च्या घेऊन जावा."

त्यांनी चहा घेतला. चाचीनं अंगठा दिला नाही, आईनंही दिला नाही. ते अजून परत आलेले नाहीत. आई म्हणते येतील, चाची म्हणते येणार नाहीत.